काकवीचा वास

कोल्हापुरात गुळाला जो मान, तोच अमेरिकेतल्या केंटकीत बर्बन व्हिस्कीला. लुईव्हिलला राहायला आल्यावर पहिला घोट मी सरबतासारखा घेतला आणि घशापासून कानापर्यंत जाळ झाला. माझे शेजारी आयुष्यभर बर्बनच्या गोदामात पिंपं सांभाळून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "आधी नाकाला दे. जिभेची पाळी नंतर."

त्यांनी माझ्या तळहातावर चार थेंब टाकले आणि हात चोळायला लावले. मद्यार्क उडून गेला. मागे राहिला तो शेगडीवर भाजलेल्या कणसाचा वास! बर्बनच्या धान्यात निदान 51 टक्के मका हवा, असा इथला कायदाच आहे. मग ग्लास नाकापासून जरा लांब, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगायचं. छोटा घोट जिभेवर घोळवायचा. मग दोन थेंब पाणी घालून पुन्हा हुंगायचं.

ते 'व्हॅनिला', 'कॅरॅमल' म्हणत, मी मान डोलवी. खरं तर मला त्यातलं काहीच सापडत नव्हतं. एका संध्याकाळी पाणी घातलं आणि एकदम लहानपणीचं गुऱ्हाळ समोर उभं राहिलं. चुलवाणावर रटरटणारी काहील, कडेला जमलेला फेस, वडिलांनी द्रोणात दिलेली गरम काकवी. मी मराठीतच ओरडलो, "काकवी!" त्या दिवसापासून ग्लासात लवंग सापडली, जायफळ सापडलं, ओली सुपारीसुद्धा. इतके दिवस मी दुसऱ्याच्या आठवणी हुंगत होतो.

काकवी तिथे येते कुठून? बर्बनसाठी ओकचं कोरं पिंप लागतं, आतून जाळून कोळसा केलेलं. त्या कोळशाखाली लाकडातली साखर भाजून तांबूस होते. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत ती गोडी घेऊन बाहेर येते. असे कित्येक उन्हाळे जावे लागतात. गुऱ्हाळातला गुळव्याही तावच सांभाळतो. त्याचं काम काही तासांत उरकतं, एवढाच फरक. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही. मग ते स्कॉटलंडला जातं, आपल्या गोव्यातही जातं. तिथली पॉल जॉन व्हिस्की अशाच पिंपांत मुरते.

यंदा गावाहून येताना शेजाऱ्यांसाठी काकवीची बाटली आणली. त्यांनी झाकण उघडलं, चमचा बाजूला ठेवला, बाटली नाकाशी धरली आणि बराच वेळ डोळे मिटून बसले.