जायचं केलंय

"औंदा कपिलधारला जायचं केलंय," आजी म्हणाली, तेव्हा मी मोबाइलवर कोरियन क्रियापदं घोकत होते. रांजणगावच्या एमआयडीसीत एलजीसारख्या कोरियन कंपन्या आहेत, दुभाष्याचं काम मिळेल, म्हणून हा खटाटोप. त्या दिवशीचा धडा होता 'कागिरो हेस्सॉयो'. अर्थ दिला होता, 'जायचं ठरवलं'. पण 'हेस्सॉयो' म्हणजे नुसतं 'केलं'. ठरवण्याचं क्रियापद तिथे नाहीच. आजीचंच वाक्य की हे!

बेत किती पक्का, ते कोरियन माणूस क्रियापदाच्या शेपटीत सांगतो. 'कालक्का हेयो' म्हणजे 'जावं म्हणते', विचार अजून कच्चा. 'कालक्केयो' म्हणजे समोरच्याला शब्द देऊन 'जाईन'. हे रूप फक्त स्वतःबद्दल बोलताना चालतं. दुसऱ्याच्या वतीनं शब्द कसा देणार? (उद्याच्या शब्दात 'काल' ऐकू यावा, हे मराठी कानाचंच नशीब.) आणि 'कागिरो हेस्सॉयो' बहुधा चारचौघांत बोलून झाल्यावर येतं. आजीचं 'केलंय'ही तसंच. जीप सांगून झाली होती, दशम्यांचं पीठ दळून आलं होतं, शेजारच्या दोघींनी पिशव्या भरल्या होत्या. मला तेवढं कळवलं.

घरातून निघताना ती आईला म्हणाली, "जाऊन येते गं." त्यालाही कोरियनमध्ये जोड आहे, 'तान्यॉ ओल्क्केयो'. तिथेही नुसतं जात नाहीत, जाऊन येतात.

कपिलधारला, मांजरसुंब्याजवळच्या डोंगरात, कार्तिकी पौर्णिमेची गर्दी. दिंड्या, पताका, 'गुरुराज माउली'चा गजर. मराठीत 'परमरहस्य' लिहिणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी इथली. दर्शन झाल्यावर आजीला धारेपाशी जायचं होतं. पावसाळ्यातला जोर आता नव्हता. पायऱ्यांवर तिनं माझा दंड धरला तो सोडलाच नाही. चार पायऱ्या झाल्या की थांबायची आणि गुडघ्याला शिव्या द्यायची. खाली पोचल्यावर ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं, उरलेलं माझ्या डोक्यावर शिंपडलं.

परतताना समाधीकडे वळून तिनं हात जोडले. "येते माउली." मग जीपकडे चालता चालता, मला की स्वतःला कोण जाणे, म्हणाली, "पुढल्या साली बी यावं म्हणते."

'केलंय' नाही. 'येणार' नाही. मी तिची पिशवी घेतली.