ताशाजवळची रांग

आम्ही पथकातले जुने वादक भेटलो की पहिला विषय कमरेचा निघतो, दुसरा कानांचा. गणपती, मिरवणूक, लक्ष्मी रोड हे सगळं त्यानंतर. ढोलवाल्यांची कंबर गेली, ताशावाल्यांचे कान गेले, आणि टोल वाजवणारा एकटा धडधाकट राहिला म्हणून सगळे त्याला टोमणे मारतात. सगळे आता पन्नाशीच्या आसपास. एक बँकेत आहे, एक शाळेत शिकवतो, एकजण कान-नाक-घसातज्ज्ञ झालाय. दरवर्षी गणपतीच्या आधी कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरीचा बेत असतो. ताटं उचलायच्या आत कुणाची तरी बोटं टेबलावर वाजायला लागतात, समोरचा तळव्यानं थापी धरतो, आणि घरातली तरुण मंडळी हेडफोन लावून आतल्या खोलीत निघून जातात.

मी ताशा वाजवायचे. गोष्ट १९९० नंतरच्या दशकातली. तेव्हा पुण्यात ढोल-ताशा म्हटलं की शाळांची नावं पुढं यायची: ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, नूमवि, गरवारे. त्याआधी मिरवणुकीत मुळशी-मावळाकडची गावची पथकं यायची. तो ढोल शहरातल्या शाळकरी पोरांनी उचलला, त्याला रांगा दिल्या, गणवेश दिला, फेटा दिला. आमचं पथक लहान, माजी विद्यार्थ्यांचं. मुलींनी झांज घ्यावी, ध्वज नाचवावा इथपर्यंत घरच्यांची हरकत नव्हती. ताशा म्हटल्यावर मात्र आजीनं विचारलं, “अगं, गळ्यात तो टोप अडकवून तू रस्त्यानं फिरणार?” प्रबोधिनीच्या मुली वाजवतात, हे उत्तर आमच्या घरी चाललं. पुण्यात प्रबोधिनीचं नाव घेतलं की बऱ्याच गोष्टींना परवानगी मिळायची.

सराव नदीपात्रात, संध्याकाळी. जुलैच्या सुमारास वाद्यपूजन व्हायचं आणि मग गणपतीपर्यंत रोज चिखल, डास आणि ढोल. नव्या पोरांना पहिले काही दिवस वाद्य मिळतच नसे. दोन काड्या हातात द्यायच्या आणि पत्र्याच्या डब्यावर बसवायचं. तर्री नीट यायला लागली की मग ताशा. तर्री म्हणजे दोन्ही काड्यांनी काढलेली ती सलग, दाट थरथर. तिच्यात कुठं भोक राहिलं की ताशाप्रमुख दादा लांबून ओरडायचे, “डावा हात झोपलाय!” माझा डावा हात फार झोपायचा. घरी अभ्यासाच्या टेबलावर, बसमध्ये मांडीवर, कॉलेजात बाकावर फक्त डाव्या हाताचा सराव करायचा, असं त्यांनी सांगितलं होतं. प्राध्यापकांनी वर्गाबाहेर काढलं तेव्हाही तो चालूच होता.

ढोलवाल्यांचे हाल वेगळे. ढोल कमरेला आवळून बांधायचा, उजव्या हातात टिपरू, डाव्या हाताची थापी. बांधणी सैल राहिली तर ढोल खाली घसरतो आणि मांडी सोलवटते, जास्त आवळली तर श्वास कोंडतो. बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली असायची, तरी विसर्जनाच्या दुपारपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या ढोलाच्या पानावर रक्ताचे ठिपके दिसायचेच. ते मिरवायची एक खुळी पद्धत होती. आजही भेटल्यावर तळहातावरचा जुना घट्टा दाखवणारे आहेत. मला त्यात शौर्य वाटत नाही, तेव्हाही वाटलं नव्हतं. हात फुटला म्हणजे मनगट ताठ धरलंय, असं दादा म्हणायचे आणि हात फुटलेल्याला रांगेच्या मागं पाठवायचे.

कातडी पानांचा जमाना तेव्हा संपत आला होता. चामड्याचं पान ओलं झालं की सैलावतं, आवाज बसतो. आणि अनंत चतुर्दशीला पुण्यात पावसाची एक तरी सर येतेच. मग मिरवणूक थांबली की रस्त्याच्या कडेला कागद पेटवायचे आणि ताशे शेकायचे. शेकलेल्या ताशाचा पहिला ठोका असा कडक निघायचा की आजूबाजूची लहान मुलं दचकायची. पुढं फायबरची पानं आली, शेकणं संपलं, पावसाची भीती संपली. आवाज मात्र वाढला आणि थोडा कोरडा झाला. आमच्यातले निम्मे लोक चामड्यासाठी हळहळतात. मी हळहळत नाही. भर पावसात काडेपेटी शोधणाऱ्यांत मी असायचे, हळहळणारे झाडाखाली उभे असायचे.

विसर्जनाच्या दिवशी मंडईत टिळक पुतळ्यापासून मानाचा पहिला, कसबा गणपती निघतो, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. बेलबाग चौकातून लक्ष्मी रोडला लागायचं आणि अलका टॉकीजच्या चौकापर्यंत वाजवत जायचं. एरवी पायी अर्ध्या तासाचा रस्ता. त्या दिवशी त्याला तास न् तास लागतात, कारण प्रत्येक चौकात थांबून वाजवायचं असतं. अलीकडे सगळी मिरवणूक संपायला २८ तासांहून जास्त लागतात. लक्ष्मी रोड अरुंद, दोन्ही बाजूंना उंच इमारती. तिथं आवाजाला पळायला जागा नसते. भिंतीवर आपटून तो परत अंगावर येतो, आणि आपण आत्ता वाजवलेलं खरं की मागून आलेलं खरं, हे कळेनासं होतं.

आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त बोललं जातं ते या हुकणाऱ्या ठोक्यावरच.

आमचं पथक सुरुवातीला लहान होतं. पुढं ताशे, त्यामागं ढोलांच्या मोजक्या रांगा, बाजूला झांजा, ध्वज आणि टोल. शेवटच्या रांगेतल्यालाही माझ्या काडीचा आवाज स्वच्छ पोचायचा. मग नाव झालं, पोरं वाढली. कुणाला नाही म्हणायचं हे ठरेना. काही वर्षांत रांगा इतक्या लांबल्या की पुढून मागचे चेहरे दिसेनात. बघणाऱ्यांना ते भव्य वाटायचं. फोटो छान यायचे. आणि वादन ढासळायला लागलं.

कारण साधं आहे. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. ताशापासून पस्तीस मीटर मागं उभ्या असलेल्या ढोलवाल्याला तर्री सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी उशिरा ऐकू येते. ऐकून मग तो टिपरू मारतो, आणि त्याचा ठोका पुढं पोचायला पुन्हा तेवढाच वेळ. संथ तालात हे खपून जातं. ताल चढला, दोन ठोक्यांमधलं अंतर पाव सेकंदावर आलं, की पुढच्या रांगा आणि मागच्या रांगा दोन वेगळी पथकं होतात. मधल्या रांगांना दोन्ही ऐकू येतं, त्यांची अवस्था सगळ्यात वाईट. पुढचे म्हणतात मागचे रेंगाळतात, मागचे म्हणतात पुढचे पळतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

दादांनी यावर उपाय काढले. मागच्या रांगांना त्यांनी सांगितलं, कानानं वाजवू नका, डोळ्यांनी वाजवा. टोलवाल्यानं हात डोक्याच्या वर नेऊन मारायचा, ध्वजवाल्यांनी ध्वज त्याच ठोक्यावर खाली आणायचा, आणि मागच्यांनी फक्त तेवढंच बघायचं. पण समोर फेट्यांची गर्दी, मध्ये गुलाल, वर मिरवणूक बघायला आलेली माणसं. दिसणार काय? मग त्यांनी ताशे दोन तुकड्यांत वाटले. काही पुढं, काही मध्यावर. मला मध्यावर टाकलं. मी पुढच्या ताशांच्या हातांवर नजर लावून चालत वाजवायचे, पाठीमागं एक मुलगी माझा खांदा धरून रस्ता सांगायची. “ताई, खड्डा. ताई, डावीकडं गाडी.” कुंटे चौकाच्या आसपास एकदा पन्नासेक ढोल एकाच ठोक्यावर पडले आणि मला पायाखालची जमीन हललेली जाणवली. तेवढ्यासाठी ही सगळी यातायात. पण मोठ्या पथकात असं क्वचितच व्हायचं. लहान पथकात रोज व्हायचं, अगदी नदीपात्रातल्या सरावालाही, बघायला कुत्रंसुद्धा नसताना.

२०२४च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांत प्रत्येकी ३० पेक्षा जास्त माणसं नकोत असा आदेश दिला. आमच्या गटात त्यावर केवढं रण माजलं! सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली आणि सगळ्यांनी पेढे वाटल्यासारखे संदेश पाठवले. मलाही बरं वाटलं, पथकात किती माणसं असावीत हे लवादानं सांगावं हे काही पटत नव्हतं. पण एक गोष्ट मी तिथं बोलले आणि बरीच बोलणी खाल्ली. तीसच्या आसपासचा आकडा वादनासाठी बरोबर आहे. तो आवाजाच्या तक्रारीवरून आला म्हणून आपल्याला टोचतो. आपणच तो तालासाठी ठरवला असता तर कुणी कोर्टात गेलं नसतं. बँकेतला मित्र म्हणाला, “तू म्हातारी झालीस.” शाळेतला त्याला म्हणाला, “मागच्या रांगेत उभा राहा एकदा, मग बोल.” तो मागच्या रांगेतलाच.

आता कान. आमच्या डॉक्टर मित्रानं आम्हा चार-पाच ताशावाल्यांची श्रवणचाचणी केली. आलेख बहुतेकांचा एकाच जागी खाली बसलेला, ४००० हर्ट्झच्या आसपास. मोठ्या आवाजानं आलेल्या बहिरेपणाची ही ओळखीची खूण आहे. अशा माणसाला समोरच्याचा आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत, कारण स, श, फ ही व्यंजनं उंच पट्टीत असतात आणि तीच आधी निसटतात. माझ्या घरी मी मुद्दाम ऐकून न ऐकल्यासारखं करते असा समज होता. आता कागद दाखवता येतो. कामगारांसाठी ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा धरतात, आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. ताशा तर छातीखाली असतो, कानापासून हातभर अंतरावर, आणि आम्ही तो पूर्ण मिरवणूक वाजवायचो. कानात कापूस घालायचो, तोही नावापुरता. कापसानं फारसं काही अडत नाही. फोमचे बोळे मिळतात, स्वस्त असतात, आणि ते घातले तरी तर्री व्यवस्थित ऐकू येते. मागं रांगेत कोण चुकतंय हे तर जास्तच स्पष्ट कळतं, कारण गोंगाट कमी होतो आणि ठोका उरतो.

गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. ताशा शिकताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं, दादांनाही माहीत नव्हतं. त्यांना आता दोन्ही कानांत यंत्रं लागलीत. आमच्यात बसले की ती काढून खिशात ठेवतात, कारण यंत्रातून टेबलावरची थाप टोचते म्हणे. मग आम्ही वाजवतो आणि ते आमच्या हातांकडे बघून सांगतात, कोण मागं पडलं. चुकत नाहीत.

यंदा तुमच्या घरातला कुणी पहिल्यांदा पथकात नाव घालणार असेल तर त्याला पोतडीत दोन गोष्टी द्या: बोटांसाठी चिकटपट्टी आणि कानांसाठी बोळे. आणि पथकप्रमुखाकडं त्यानं ताशाजवळची रांग मागून घ्यावी. नाही मिळाली, तर लहान पथक शोधावं.