कान एवढा मोठा कसा?

चौकटीचा अर्धाअधिक भाग एका कानाने व्यापलाय. माणसाचाच कान. मागे गोट्यांचा किनारा दूरवर गेलाय आणि हा कान त्यावर असा टेकलाय, की लाटेने आणून टाकलेला महाकाय शंखच वाटावा. त्याच्या कडा, खोलगट वळणं, मध्ये साठलेला काळोख! छायाचित्रकार बिल ब्रँट, ईस्ट ससेक्सचा किनारा, 1957. एका मित्राच्या कपाटातल्या जाडजूड पुस्तकात हे चित्र दिसलं आणि तेव्हापासून माझ्या तोंडी दुसरा विषय नाही. भेटेल त्याला विचारतोय, तू ब्रँट पाहिलायस का? नाही? मग बस इथे.

हा ब्रँट मूळचा हॅम्बुर्गचा, जन्म 1904 चा. तरुणपणी पॅरिसला मान रे या अतिवास्तववादी छायाचित्रकाराच्या स्टुडिओत शिकला, मग लंडनला स्थायिक झाला. तिथे त्याने खाणकामगार टिपले, श्रीमंतांची जेवणाची टेबलं टिपली, युद्धकाळात भुयारी रेल्वेत आसऱ्याला झोपलेली माणसं टिपली. ते सगळं मोठंच आहे, पण मला घाई पुढच्या गोष्टीची आहे. युद्ध संपत आलं त्या सुमारास त्याने एक जुना लाकडी कोडॅक कॅमेरा विकत घेतला. असले कॅमेरे पोलीस गुन्ह्याच्या जागेची नोंद करायला वापरायचे! खोलीचा कोपरान् कोपरा एका फोटोत यावा म्हणून भिंग खूप रुंद कोनाचं आणि प्रकाश आत येण्याचं छिद्र अगदी बारीक. त्यातून पाहताना समोरचं जेमतेम दिसायचं. ब्रँटने पुढे लिहून ठेवलंय, की मी मला दिसतं त्याचा फोटो घेत नव्हतो, कॅमेऱ्याला दिसतं त्याचा घेत होतो. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि नुसता येरझाऱ्या घालत राहिलो.

कारण यात जादू कुठेच नाही. साधं गणित आहे. भिंगापासून वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटरवर हात धरा आणि चेहरा एक मीटरवर ठेवा. चेहरा त्याच वीस सेंटिमीटरवर असता तर दिसला असता त्याच्या तो फक्त पाचवा हिस्सा दिसणार. हात राक्षसाचा, चेहरा बाहुलीचा. आपल्या डोळ्यांतही हेच घडत असतं, पण मेंदू लगेच दुरुस्ती करून टाकतो. हात हाताएवढाच आहे, गप्प बस, असं तो आपल्याला सांगतो. कॅमेऱ्याला असं सांगणारं कुणी नाही. शिवाय छिद्र बारीक असलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही लख्ख येतं. आपल्या डोळ्याला ते एका वेळी जमतच नाही, बोटाकडे पाहिलं की डोंगर पुसट होतो. ब्रँटच्या फोटोत दोन्ही धारदार, म्हणून बोट आणि डोंगर एकाच मापाचे होऊन शेजारी बसतात. ब्रँट प्रिंटवर ब्रश-पेन्सिलही चालवायचा, ते खरं. पण कान एवढा झालाय तो ब्रशने नाही, भिंगाने. विचित्र दिसतंय तेच प्रकाशाने जसंच्या तसं सांगितलेलं आहे. नीटनेटकं करून आपल्याला दाखवतो तो आपला मेंदू!

आणि त्याचे प्रिंट! करडा रंग जवळजवळ हाकलून दिलेला. उरतो कोळशासारखा काळा आणि कागदाचा कोरा पांढरा. त्वचेवरची लव गेली, रंग गेला, राहिला तो आकार. गुडघा, कोपर, पाठ यांचे धोंडे होतात आणि मागचे खरे धोंडे मऊ वाटू लागतात. ‘परस्पेक्टिव्ह ऑफ न्यूड्स’ हे त्याचं पुस्तक 1961 सालचं. त्यात आधी बंद खोल्यांमधली चित्रं आहेत, उंच छत, खिडकी, एकटी बाई. ती भारून टाकतात, पण तिथली बाई मला अजून कुणाच्या तरी नजरेखाली बसलेली वाटते. किनाऱ्यावर ती नजर गळून पडते. तिथे नग्नता हा विषयच उरत नाही. शरीराचाच भूगोल होतो. माझं मन पूर्णपणे किनाऱ्याच्या बाजूने आहे.

मग हाच धागा ओढत गेलो आणि छायाचित्रकार आंद्रे केर्तेस सापडला. बुडापेस्टचा. 1917 साली, पहिल्या महायुद्धात जखमी होऊन बरा होत असताना, एस्टरगोमला त्याने पाण्याखालून पोहणारा माणूस टिपला. पाण्याने त्या अंगाच्या लहरी केल्यात, डोकं जवळजवळ विरघळलंय. सोळा वर्षांनी, 1933 मध्ये, पॅरिसच्या एका विनोदी मासिकासाठी त्याने जत्रेतले वाकडे आरसे आणले आणि त्यांत दिसणारी शरीरं काचेच्या प्लेटवर उतरवली, सुमारे दोनशे! आपल्या जत्रांतही ते आरसे असतात, आपण पोट धरून हसतो आणि पुढच्या पाळण्याकडे पळतो. केर्तेस तिथेच थांबला. त्याच्या आरशात मांडी धुरासारखी वर जाते, हात पाझरतो, आणि हसू येतच नाही, श्वास अडकतो. या चित्रांचं वेगळं पुस्तक व्हायला 1976 साल उजाडलं. तो तेव्हा ऐंशीच्या पुढे गेला होता. इतकी वर्षं जगाने हे बाजूला ठेवलं? मला अक्षरशः राग आला.

पोर्ट्रेट म्हणजे चेहरा, हेही ब्रँटनेच माझ्या डोक्यातून काढलं. जाकोमेत्ती, हेन्री मूर, माक्स एर्न्स्ट या कलावंतांचा त्याने फक्त एकेक डोळा टिपलाय. बुबुळ, पापण्यांच्या सुरकुत्या, भुवईचे राठ केस, बस्स. पण या माणसांनी आयुष्यभर काय केलं, तर पाहिलं! मग त्यांचं चित्र म्हणून दुसरं काय काढायचं?

आता माझ्या फोनच्या रुंद भिंगाला विश्रांती नाही. आजीला म्हटलं, हात पुढे कर, अजून पुढे, अगदी भिंगापाशी. फोटोत तिचा पंजा सगळं अंगण झाकतोय, तळव्यावरच्या रेषा ओढ्यांसारख्या पसरल्यात आणि पार मागे, अंगठ्याच्या नखाएवढी, आजी स्वतः उभी आहे. तिने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. ‘‘अरे, हा माझा हात? मग तळपायाचा पण काढ की. भेगा बघायच्यात मला.’’ ठरलंय. उद्या सकाळी ऊन तिरपं असताना, गच्चीवर, आणि पाठीमागे अख्खा डोंगर घेणार आहे.