संकल्प पुस्तकाचा नको, हप्त्याचा हवा

‘येत्या वर्षात पुस्तक लिहून पूर्ण करायचेच’ हा संकल्प दिवाळी पाडव्याला, 31 डिसेंबरच्या रात्री किंवा गुढी उभारताना कितीतरी मराठी माणसे मनापासून करतात. कोणाला आजोबांचे चरित्र लिहायचे असते, कोणाला कादंबरी, कोणाला आपल्या गावाचा इतिहास. संपादन करणे आणि लेखन शिकवणे हेच माझे काम असल्यामुळे हे संकल्प का मोडतात, याचा विचार मला सतत करावा लागतो. आळस, चिकाटीचा अभाव, वेळ नसणे ही त्याची नेहमीची कारणे सांगितली जातात. ती मला पटत नाहीत. एरवी नोकरी-संसार नेटाने करणारी माणसे फक्त लेखनाच्या बाबतीतच आळशी ठरावीत, हे संभवत नाही. माझ्या मते चूक संकल्पाच्या मापात आहे. ‘पुस्तक’ हे एका वर्षासाठी ठरवायचे मापच नव्हे. ठरवायचा तो हप्ता. हप्ता म्हणजे एका बैठकीत वाचून होईल एवढा, आपल्यापुरता पूर्ण आणि ठरल्या तारखेला ठरलेल्या वाचकाच्या हाती द्यायचा मजकूर. लांबी, तारीख आणि वाचक या तिन्ही गोष्टी ठरल्या, तरच तो लेखनाचा संकल्प होतो. त्यातली एक जरी सुटली, तरी उरते ती नुसती इच्छा. मराठी गद्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर याचे पुरावे जागोजागी सापडतात.

पहिला पुरावा निबंधमालेचा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 च्या जानेवारीत हे मासिक सुरू केले, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. जवळजवळ सगळा मजकूर ते स्वतः लिहीत. सुमारे सात वर्षांत 84 अंक निघाले. ‘आधुनिक मराठी निबंधाचा पाया घालणारा ग्रंथ लिहीन’ असे ठरवून ते बसले असते तर काय झाले असते, याचा अंदाज करणे कठीण नाही. विषय एवढा मोठा होता की पहिल्या प्रकरणातच माणूस दबून जावा. त्यांच्यापुढे मात्र दर वेळी पुढच्या अंकाएवढेच काम होते. सुरुवात मराठी भाषेच्या तेव्हाच्या स्थितीपासून झाली आणि शेवट ‘आमच्या देशाची स्थिती’ या निबंधाने. भाषेपासून देशापर्यंतचा हा प्रवास लिहिता लिहिता, वाचकांचा प्रतिसाद ऐकत झाला. एखादा विषय एका अंकात मावला नाही, तर तो पुढच्या अंकांत चालू राहिला. आज आपण निबंधमाला एकत्र बांधलेल्या ग्रंथाच्या रूपात पाहतो आणि ती ग्रंथ म्हणूनच जन्माला आली असावी असे समजतो. प्रत्यक्षात ती अंकाअंकाने साचत गेली आहे.

दुसरा पुरावा आमच्या ठाण्याचा. विनायक लक्ष्मण भावे 1871 साली जन्मले. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना 1893 सालच्या जून महिन्यात झाली. विष्णु भास्कर पटवर्धनांसोबत ती करणाऱ्या भाव्यांचे वय तेव्हा जेमतेम एकवीस होते. मराठी वाङ्मयाचा इतिहास म्हणून ज्याचे नाव आजही घेतले जाते, ते ‘महाराष्ट्र सारस्वत’ याच भाव्यांचे. पण ते आज दिसते त्या भरघोस रूपात एकदम अवतरले नाही. ते आधी 1898-99 च्या सुमारास विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाला’ या मासिकातून आले. पुढे 1903 मध्ये भाव्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढले आणि जुन्या कवींची काव्ये छापायला घेतली. महानुभावांच्या सांकेतिक लिपीतले वाङ्मय उजेडात येऊ लागले, तेव्हा तेही त्यांनी आपल्या इतिहासात सामावून घेतले. पहिल्या छोट्या रूपानंतर बऱ्याच वर्षांनी मोठी, सुधारलेली आवृत्ती आली. भावे 1926 साली गेले, पण पुस्तकाची वाढ थांबली नाही. शं. गो. तुळपुळ्यांनी त्याला पुरवणी जोडली. ‘संपूर्ण मराठी वाङ्मयाचा इतिहास’ हे उद्दिष्ट सत्तावीस वर्षांच्या तरुणाला झेपणारे नव्हते. मासिकाचा मजकूर झेपणारा होता आणि मोठा इतिहास त्यातूनच उभा राहिला.

तिसरा पुरावा इतिहासलेखनातला आहे. तो मांडताना मन जड होते. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते. राजपुत्रांना शिकवण्यासाठी त्यांनी इतिहासाची टिपणे काढली आणि त्या टिपणांतून रियासतींचा जन्म झाला. ‘मुसलमानी रियासत’ 1898 मध्ये आली, ‘मराठी रियासत’चा पहिला भाग 1902 मध्ये आणि मग तीन दशके एकामागून एक खंड येत राहिले. प्रत्येक खंडाला कालखंडाची हद्द होती. पहिल्या टिपणांना तर समोर बसलेले श्रोतेच होते. याउलट महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांच्या शिवचरित्राची महाराष्ट्राने वर्षानुवर्षे वाट पाहिली. 1979 मध्ये ते गेले आणि चरित्र आलेच नाही. त्र्यंबक शंकर शेजवलकर 1963 मध्ये गेले. त्यांच्या संकल्पित शिवचरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधने एवढेच 1964 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ शकले. दोघांच्याही विद्वत्तेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. शेजवलकरांची ती प्रस्तावनाच अभ्यासकांना आजही मोलाची वाटते. ती वाचकांपर्यंत पोहोचली, कारण तो आपल्यापुरता पूर्ण झालेला तुकडा होता. पूर्ण झालेला तुकडा लेखकामागेही टिकतो. संपूर्ण चरित्र डोक्यात असेल, तर ते लेखकाबरोबर जाते.

हप्ता का चालतो, याचे उत्तर मानसशास्त्राच्या एका प्रयोगातही मिळते. डॅन एरिअली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी 2002 मध्ये मुदतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना तीन मजकूर तपासून चुका काढायला दिले होते. एका गटाला दर आठवड्याची मुदत बाहेरून ठरवून दिली, दुसऱ्या गटाने मुदती स्वतः ठरवल्या आणि तिसऱ्याला फक्त शेवटची तारीख दिली. सर्वांत चांगले काम पहिल्या गटाचे झाले, त्याखालोखाल दुसऱ्याचे आणि सर्वांत कमी तिसऱ्याचे. पहिल्या गटाला हे काम सर्वांत कमी आवडले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. म्हणजे मुदत सुखाची नसते, पण काम करून घेते. ‘वर्षाअखेर पुस्तक’ हा संकल्प नेमका तिसऱ्या गटाचा आहे. मराठीने मात्र बाहेरून पडणाऱ्या तारखेची सोय फार पूर्वी करून ठेवली आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी लेखकाला वर्षातून एक तारीख आपोआप मिळाली. संपादक पावसाळ्यातच तगादा लावतो, गणपतीच्या आसपास मजकूर हातात हवा असतो आणि दिवाळी पुढे ढकलता येत नाही. मराठीतल्या कितीतरी कथा आणि लेख या तगाद्यामुळे लिहून झाले आहेत. ज्याला अजून कोणी संपादक विचारत नाही, त्याने ही सोय स्वतःपुरती उभी करायची आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रतिभेचा. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. मग तारखा आणि हप्ते कशाला? लेखन आतून आले की येतेच, असे हा आक्षेप सांगतो. पण या पुस्तकाची बांधणी पाहावी. ते रात्रींमध्ये विभागलेले आहे. आश्रमातल्या मित्रांपुढे श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. आठवण तिथे सुरू होते आणि तिथेच पुरी होते. प्रत्येक रात्र हा एक हप्ता आहे आणि ऐकणारे समोर बसलेले आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या पाच दिवसांच्या मागे अंमळनेरची वर्षे आहेत. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी गुरुजी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवत. शाळा शिकवायची, मुलांची देखभाल करायची आणि शिवाय मुलांना वाचायला रोज नवा मजकूर हाताने लिहून ठेवायचा. ज्याचा हात रोजच्या वाचकासाठी असा तयार झाला आहे, त्याला पाच दिवसांत पुस्तक लिहिता येते. उत्कटता खरीच असते, मी ती नाकारत नाही. पण ती आली तेव्हा हात तयार असावा लागतो आणि ती तयारी नित्याच्या कामानेच होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तारखेला बांधलेले लेखन घाईचे, पसरट आणि विस्कळीत होते, असे म्हणतात. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यात कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या. त्यांच्या लेखनातल्या पाल्हाळाबद्दल टीकाकारांनी लिहिले आहे, काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या. हा आक्षेप मी मान्य करतो. पण ‘पण लक्षात कोण घेतो’ ही मराठी कादंबरीतली थोर कृतीही त्याच ‘करमणूक’मधून आली. आठवड्याची निकड नसती तर ती अधिक रेखीव झाली असती की झालीच नसती, हा प्रश्न आक्षेप घेणाऱ्याने स्वतःला विचारावा. शिवाय हप्ता म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. भाव्यांनी मासिकातला मजकूर पुढे वाढवला, सुधारला, नवे पुरावे मिळाले तसे जुने मत बदलले. पहिल्या वर्षी हप्ते, दुसऱ्या वर्षी पुनर्लेखन, अशी वाटणी केली तर घाईचे दोष निस्तरता येतात. न लिहिलेल्या पानावर मात्र कोणताही संपादक काम करू शकत नाही. कवितेपुरता माझा आग्रह सौम्य आहे. कविता तारखेला येईलच असे नाही. तरीही जुन्या कविता तपासणे, त्यांची निवड करणे, त्या कोणाला तरी वाचायला देणे, एवढे तारखेला होऊ शकते.

तिसरे म्हणणे असे की हप्त्याऐवजी रोजचे शब्द ठरवावेत. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप पोस्टात नोकरी करत असे आणि पहाटे घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला 250 शब्द लिहीत असे. हे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे आणि तेव्हापासून रोजच्या शब्दसंख्येचा मंत्र जगभर दिला जातो. सवय लावण्यासाठी तो चांगला आहे. पण शब्दसंख्या भरली म्हणजे काही पूर्ण झाले असे नाही. शेकडो पाने भरूनही कोणाला देता येईल असा एकही मजकूर हाती नाही, अशी स्थिती अनेकांची होते. ट्रोलोपच्या शब्दांमागे प्रकाशकाशी झालेले करार होते, हे आपण विसरतो. शिवाय ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माणसाचे दिवस सारखे नसतात. कधी लोकल रखडते, कधी घोडबंदर रस्ता तुंबतो, कधी घरी आजारपण असते. रोजचे माप असे एका दिवशी चुकले की अपराधी वाटते आणि दोन आठवड्यांत संकल्पच सुटतो. महिन्याच्या मापात चार वाईट दिवस खपून जातात. वेळ नाही म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की चिपळूणकर आणि सरदेसाई दोघेही नोकरी सांभाळून लिहीत होते. मोकळा वेळ मिळाल्यावर लिहू, असे म्हणत ते थांबले नाहीत.

हे प्रत्यक्षात कसे करायचे, ते आमच्या ठाण्यातल्याच माजिवड्याच्या उदाहरणाने सांगतो. समजा, इथल्या कोणाला ‘माजिवड्याचा इतिहास’ लिहायचा आहे. या रूपात तो संकल्प मोडणार हे नक्की, कारण सुरुवात शिलाहारांच्या श्रीस्थानकापासून, म्हणजे जुन्या ठाण्यापासून, करावी की उड्डाणपुलापासून, इथेच महिना जाईल. त्याऐवजी बारा हप्ते पाडावेत. एक, जुने गावठाण आणि त्यातली घरे. दुसरा, घोडबंदर रस्ता आणि महामार्ग जिथे मिळतात तो नाका. तिसरा, बाळकूम-कोलशेतच्या बाजूची खाडी आणि तिच्यावर पोट असलेली माणसे. चौथा, शेते जाऊन टॉवर उभे राहिले तो काळ. पाचवा, वडाळा-कासारवडवली मेट्रोच्या कामाने बदललेला रस्ता. आता फक्त पहिला हप्ता पाहावा. लांबी बाराशे शब्द. तारीख महिन्याचा शेवटचा रविवार. वाचक म्हणून गावठाणात जन्म काढलेल्या एखाद्या आजी चालतील. मजकूर त्यांना वाचून दाखवायचा आणि चुकले तिथे त्यांनी थांबवायचे. पहिल्या आठवड्यात दोन जुन्या माणसांशी बोलणे, दुसऱ्यात खर्डा, तिसऱ्यात पडताळणी, चौथ्यात स्वच्छ प्रत. हे काम नोकरी करणाऱ्याला झेपते. सहा महिन्यांनी संकल्प सुटला, तरी सहा पूर्ण लेख हाती राहतात आणि स्थानिक ग्रंथालयाला तेही हवेच असतात.

लेखनाच्या संकल्पांची मला एवढी काळजी वाटते, त्याचे कारण ठाण्यासारख्या शहरांतच आहे. इथे शेती, मिठागरे, कारखाने, चाळी आणि सोसायट्या अशी स्थित्यंतरे एकाच माणसाच्या आयुष्यात होऊन गेली आहेत. ती पाहिलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांच्यातले बरेच जण ‘एकदा सगळे लिहून काढायचे आहे’ असे म्हणतात. या ‘सगळे’ आणि ‘एकदा’ या दोन अटींपायी ते लिहून होत नाही. म्हणून या पाडव्याला नवी वही उघडाल तेव्हा पहिल्या पानावर पुस्तकाचे नाव लिहू नका. पहिल्या हप्त्याचा विषय लिहा, त्याची तारीख लिहा आणि तो ज्याला द्यायचा त्या माणसाचे नाव लिहा. मग त्या माणसाला आजच फोन करून तारीख सांगून टाका. पुढच्या दिवाळीला हिशेब मांडताना पुस्तक झाले की नाही हे विचारू नका, किती हप्ते दुसऱ्याच्या हाती पडले ते मोजा. ते चार भरले तरी वर्ष सार्थकी लागले असे माना आणि पाचव्याची तारीख त्याच दिवशी ठरवा.