तीस यार्डांपुरता क्रॉसबो

क्रॉसबोच्या दुकानात गेलं की भिंतीवरच्या प्रत्येक खोक्यावर सगळ्यात ठसठशीत दिसतो तो एक आकडा: 370, 405, 425, काहींवर तर थेट 500. बोल्ट, म्हणजे क्रॉसबोचा आखूड बाण, सेकंदाला किती फूट जातो त्याचा हा आकडा. किंमतही साधारण त्याच क्रमानं चढते. तीनशे डॉलरपासून सुरू होते आणि दोन हजारांच्या पुढे जाते. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हाताशी सगळे मिळून सहाशे डॉलर होते आणि विक्रेता सांगत होता की वेग जितका जास्त तितकं हरीण लवकर पडतं. हे खरं की खोटं, हे ठरवायचं कसं तेच मला समजेना.

मी मिशिगनमध्ये, लॅन्सिंगच्या बाहेर राहते. आमच्या शेजारी एक आजोबा आहेत. त्यांची थोडी शेती आहे, मागे झाडी आहे आणि त्या झाडीत पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर. या राज्यात वर्षाला पन्नास हजारांहून जास्त अपघात गाडीपुढे हरीण आल्यामुळे होतात, यावरून त्यांच्या संख्येची कल्पना यावी. आजोबांनी मारलेल्या हरणाचं मांस साफ करायला, कापून पुड्या बांधायला मी दर मोसमात जाते. त्यातलं थोडं आमच्या घरी येतं आणि मी त्याचं सुकं करते, आलं-लसूण आणि घरचा मसाला लावून. मग आजोबाच एकदा म्हणाले, "खातेस आणि कापतेस, तर पुढच्या मोसमात बरोबर ये की." ते मला पटलं. जे खायचं त्याची पूर्ण जबाबदारी आपण घ्यावी असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. इथली परिस्थिती वेगळी आहे. लांडगे इथे उरले ते फक्त राज्याच्या वरच्या द्वीपकल्पात. आमच्याकडे हरणांची संख्या आटोक्यात ठेवायचं काम मोठ्या प्रमाणात लायसन्सवाले शिकारीच करतात.

बंदूक मी पहिल्यापासूनच बाजूला ठेवली. आम्ही एच-वन-बी व्हिसावर आहोत. अशा लोकांना बंदूक बाळगायला इथला केंद्रीय कायदा एरवी मनाई करतो. शिकारीचं लायसन्स असलं तर सूट आहे, पण त्या वाटेला जायची आमची तयारी नव्हती. साधं धनुष्य घ्यावं तर ताणलेली दोरी हरीण नीट उभं राहीपर्यंत धरून ठेवावी लागते, आणि माझा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी असा आखडला की अजून वेणी घालताना दुखतो. क्रॉसबोची दोरी एकदा ताणून खाचेत अडकवली की पुढचं काम ट्रिगरचं. 2009 पासून मिशिगननं धनुष्याच्या मोसमाची दारं क्रॉसबोला उघडली. तो मोसम 1 ऑक्टोबरला सुरू होतो आणि बंदुकीच्या मोसमासाठी 15 नोव्हेंबरला थांबतो.

त्या 425 च्या आकड्याचा उलगडा आजोबांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला, एका पाकिटाच्या मागच्या बाजूला गणित मांडून. दोरी सुटली की खाडकन आवाज होतो. आवाज सेकंदाला सुमारे 1,125 फूट जातो. म्हणजे कितीही महागाचा क्रॉसबो असला तरी हरणाला आवाज आधी ऐकू येतो, बोल्ट मागून पोचतो. चाळीस यार्डांवर, म्हणजे 120 फुटांवर हरीण उभं असेल तर आवाज सेकंदाच्या एक-दशांशात पोचतो. 350 चा बोल्ट 0.34 सेकंदात, 420 चा 0.29 सेकंदात. जास्तीचे पाचशे-सातशे डॉलर मोजून मिळाला तो सेकंदाचा विसावा हिस्सा. दचकलेलं हरीण उडी घेण्याआधी पायात वाकून खाली बसतं आणि त्यासाठी मधला तो पाव सेकंद त्याला पुरतो. फुप्फुसावर धरलेला नेम पाठीवर जातो आणि प्राणी जखमी होऊन झाडीत नाहीसा होतो. हेच हरीण वीस यार्डांवर असेल तर सगळा हिशोबच अर्ध्यावर येतो. तेव्हा उपाय वेगात नाही, अंतरात आहे.

ताकदीचंही तसंच. बोल्टचं वजन ग्रेनमध्ये घ्यायचं, त्याला वेगाच्या वर्गानं गुणायचं आणि 450,240 नं भागायचं. फूट-पाउंडात उत्तर येतं. 400 ग्रेनचा बोल्ट 300 च्या वेगानं गेला तरी ते 80 भरतं. हरणासाठी चाळीसच्या आसपास पुरेसे समजतात. आजच्या बाजारातला स्वस्तातला क्रॉसबोसुद्धा याच्या दुपटीवर आहे. शिवाय खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा हलक्या बोल्टवर मोजलेला असतो. शिकारीचा जड बोल्ट लावला की तो खाली येतो.

वेगाचा खरा फायदा एकच, अंतराचा अंदाज चुकला तर बोल्ट कमी खाली पडतो. 300 च्या वेगानं तीस यार्डांसाठी नेम धरला आणि हरीण निघालं चाळीसवर, तर बोल्ट जवळजवळ आठ इंच खाली जातो. 400 च्या वेगानं साधारण साडेचार इंच. हरणाच्या काळीज-फुप्फुसाची जागा आठ-दहा इंचांची असते, त्यामुळे हा फरक लहान नाही. पण त्यावर नव्वद-शंभर डॉलरचा रेंजफाइंडर हा जास्त सरळ इलाज आहे. डोळ्याला लावून बटण दाबलं की समोरच्या झाडापर्यंतचे यार्ड दिसतात. माझ्या यादीत तो क्रॉसबोच्याही वर गेला.

खरी अडचण कळली ती दोरी ताणताना. दुकानाच्या मागच्या बाजूला सराव करायला जागा होती. तिथे मी क्रॉसबोचं तोंड जमिनीकडे केलं, पुढच्या लोखंडी रिकिबीत पाय घातला आणि वाकले. ओढायचं वजन होतं 175 पाउंड, म्हणजे जवळपास 80 किलो. नुसत्या हातानं ते माझ्याच्यानं होण्यातलं नव्हतं. म्हणून कॉकिंग रोप वापरतात. तिच्या दोन आकड्या दोरीत अडकवायच्या, दोरखंड मागच्या खाचेतून घ्यायचा आणि दोन्ही मुठी एकदम वर ओढायच्या. कप्पीमुळे वजन अर्ध्यावर येतं, पण तेही चाळीस किलो. पाठ सरळ ठेवून, पायांच्या जोरावर मला ते ओढता आलं. खट् असा आवाज येऊन दोरी खाचेत बसली, आणि सेफ्टी आपोआप लागली. पण थंडीत, जाड कोट घालून, झाडावरच्या मचाणावर हे जमेल का, हा प्रश्न त्याच क्षणी पडला. आजोबांचं उत्तर सोपं होतं. दोरी खाली जमिनीवरच ताणायची, बोल्ट मात्र वर जाऊन बसल्यावर लावायचा, आणि क्रॉसबो दोरानं वर ओढून घ्यायचा.

याच ठिकाणी एक बारीक गोष्ट त्यांनी दाखवली, जी कुठल्याही खोक्यावर लिहिलेली नसते. दोरी ढिली असताना रेलच्या, म्हणजे बोल्ट जिच्यावरून सरकतो त्या पट्टीच्या, दोन्ही कडांना चिकटून दोरीवर पांढऱ्या पेननं दोन खुणा करायच्या. ताणून झाल्यावर त्या खुणा रेलपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर दिसल्या पाहिजेत. एक हात जास्त ओढला गेला तर दोरी मध्यावर बसत नाही आणि बोल्ट बाजूला जातो. मग माणूस स्कोपला, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीला, दोष देत त्याचे स्क्रू फिरवत बसतो. क्रॉसबोचा भरवसा म्हणजे काय, ते मला या दोन पांढऱ्या रेघांत समजलं. प्रत्येक वेळी दोरी तीच, तिथेच, तितकीच ताणली गेली पाहिजे. ज्याची दोरी मला एकसारखी ताणता येत नाही तो क्रॉसबो कितीही नामांकित असो, माझ्यासाठी बेभरवशाचाच.

तिथून निवड आपोआप आखडत गेली. क्रॉसबोचे मुख्य प्रकार दोन. रिकर्व्हमध्ये दोन पाती आणि एक दोरी, बाकी काही नाही. कॅनडातली एक्सकॅलिबर कंपनी त्यासाठीच ओळखली जाते. दोरी झिजली तर घरीच बदलता येते, बिघडायला फारसं काही नसतं. माझ्या स्वभावाला हा प्रकार मानवला असता. पण पात्यांच्या टोकांना चाकं नसल्यामुळे तितकाच वेग काढायला रिकर्व्हला जास्त वजन ओढावं लागतं आणि रुंदीही जास्त असते. माझा खांदा त्याला तयार नव्हता. दुसरा प्रकार कंपाउंड. पात्यांच्या टोकांना कॅम म्हणजे चाकं, त्यांवरून जाणाऱ्या केबल, त्यामुळे आकार आटोपशीर. बार्नेट, सेंटरपॉइंट, टेनपॉइंट आणि त्यांचीच स्वस्तातली विकेड रिज ही इथे नेहमी कानावर पडणारी नावं. यात दोरी बदलायची तर बहुतेक वेळा बो-प्रेस लागतो, म्हणजे दुकान गाठावं लागतं, आणि दोरी-केबल धरून शंभराच्या वर खर्च येतो. कमी बजेट असलेल्यांनी हा खर्च पहिल्याच दिवशी किमतीत मिळवून धरावा. दोरी दर काही वर्षांनी बदलावीच लागते.

जुना क्रॉसबो घ्यायचाही विचार केला. एका ओळखीच्यांकडे निम्म्या किमतीत मिळत होता. आजोबांनी खिशातून कापसाचा बोळा काढला आणि पात्यांच्या कडांवरून हळूहळू फिरवला. एका जागी धागे अडकले. डोळ्यांना न दिसणारी चीर तिथे होती. कधीतरी बोल्ट न लावता दोरी सोडली असावी. त्याला ड्राय फायर म्हणतात. बोल्टनं न्यायची सगळी ताकद पाती आणि कॅमवर उलटते. चिरलेलं पातं ताणलेल्या अवस्थेत तुटलं तर ते तोंडापासून हातभर अंतरावर तुटतं. तो सौदा आम्ही सोडला. बोल्टशिवाय चाप ओढलाच जाऊ नये अशी सोय असलेलाच क्रॉसबो घ्यायचा, हेही तेव्हाच ठरलं. आज बऱ्याच स्वस्त क्रॉसबोंतही ती असते.

बोल्टच्या शेपटाची गंमत मात्र मला कुणी सांगितली नसती तर कळली नसती. त्या टोपणाला नॉक म्हणतात. कुठे ते सपाट असतं, कुठे अर्धचंद्राच्या खाचेचं, कुठे दोरीला घट्ट धरणारं. क्रॉसबोच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिला असेल तोच वापरायचा, आणि बोल्टचं किमान वजनही तिथूनच पाहायचं. चुकीच्या नॉकवरून दोरी वर सरकते आणि बोल्ट जागेवर असूनही ड्राय फायर होतो. दुकानातल्या सवलतीच्या टोपलीत सहा बोल्टचं पुडकं फारच स्वस्त होतं, पण नॉक वेगळा होता. दहा-पंधरा डॉलर वाचवायची ही जागा नव्हे.

शेवटी मी घेतला तो मागच्या वर्षीच्या मॉडेलचा, टेनपॉइंट या ओहायोतल्या कंपनीच्या स्वस्त मालिकेतला, चारशेच्या थोडा आत. वेग त्या भिंतीवरच्या खोक्यांत सगळ्यात खालच्या फळीतला. ट्रिगर स्वच्छ सुटतो, मध्ये अडखळत नाही. हे मी दुकानात निशाण्यावर मारून पाहिलं. ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी मारून पाहिल्याशिवाय घेऊ नये. दस्ता माझ्या खांद्याला लांब पडत नाही. पुढचा हात जिथे धरायचा तिथे रुंद कड आहे, त्यामुळे अंगठा रेलच्या वर येत नाही. हे फार महत्त्वाचं, कारण सुटलेली दोरी बोटाचा तुकडा पाडते. उरलेल्या पैशांत रेंजफाइंडर, सहा बोल्ट आणि दोरीला लावायचं मेण. निशाण्याचा ठोकळा आजोबांनी त्यांचा जुना दिला. दोरी ताणली आणि हरीण आलंच नाही तर ती नुसती सैल सोडता येत नाही, एक जुना बोल्ट या ठोकळ्यात मारूनच ती उतरवावी लागते. म्हणून तो ठोकळा मचाणाखालीच ठेवायचा.

नवऱ्याला सुरुवातीला हे सगळं अवघड गेलं. अजून तो सरावाच्या वेळी घरातच थांबतो, पण त्यानं लायसन्ससाठीच्या सुरक्षा प्रशिक्षणाला माझ्याबरोबर नाव घातलं. 1 जानेवारी 1960 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते प्रशिक्षण सक्तीचं आहे. पुढे ब्रॉडहेड घ्यायचे आहेत, म्हणजे पाती असलेली खरी टोकं. इथल्या नियमानं हरणासाठी ती किमान 7/8 इंच रुंद लागतात आणि बोल्ट किमान 14 इंच लांब. सरावाची टोकं 100 ग्रेनची आहेत, तेव्हा ब्रॉडहेडही तेवढ्याच वजनाचे. तरीही ते त्याच जागी लागतील असं धरून चालायचं नाही. पात्यांना वारा लागतो आणि मार सरकतो, म्हणून ऑक्टोबरच्या आधी त्यांच्यावर स्कोप पुन्हा जुळवायचा आहे. वीस यार्डांवर माझे बोल्ट आता मुठीएवढ्या जागेत लागतात, तीसवर ताटलीएवढ्या. चाळीसवर ते विखुरतात. आजोबांना मी सांगून ठेवलंय की तीसच्या पलीकडे उभ्या असलेल्या हरणावर मी यंदा चाप ओढणार नाही, मग ते कितीही वेळ तसंच उभं राहो.