निवृत्तीनंतरचा शेजार

माझ्या धर्मग्रामातील वयस्क मंडळी हल्ली भेटली की बोलता बोलता एक विषय हमखास निघतो. “फादर, आता शहर सोडावे म्हणतो. शहापूरकडे थोडी जागा पाहिली आहे.” कुणी मुरबाडचे नाव घेतो, कुणी वाशिंद, आसनगाव, खर्डीचे. चाळीस वर्षे लोकलच्या दांडीला लोंबकळलेल्या या माणसांच्या डोळ्यांत तेव्हा एक निराळीच चमक दिसते.

या ओढीमागचे कारण समजण्यासारखे आहे. मुंबईच्या चाकरमान्याला कोकणात घर होते. १९८२च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, तेव्हा कित्येक कामगार आपापल्या गावी परतले. गोवेकराला गोवा आहे, मंगळूरकराला मंगळूर. पण आपल्या ईस्ट इंडियन बांधवांचे काय? त्यांचे गाव म्हणजे मुंबईतलेच गावठाण! ते जागेवरच आहे, पण त्याच्या भोवतीची भातशेती गेली, विहिरी बुजल्या आणि चौफेर इमारती उभ्या राहिल्या. माणूस गाव सोडून गेला नाही. गावच माणसाला सोडून गेले. अशा माणसाने उतारवयात दुसरे गाव शोधले तर नवल ते काय?

आणि शोधायला हा मुलूख खरोखरच देखणा आहे. कसाऱ्याच्या गाडीने आसनगावला उतरावे तो माहुलीचे सुळके समोर उभे ठाकतात. मुरबाडला अजून रेल्वे नाही, कल्याणहून एस.टी.ने जावे लागते. पुढे माळशेजचा घाट आणि सिद्धगडाचे रान. याच सिद्धगडाच्या परिसरात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी देह ठेवला. साग, ऐन, मोह यांची दाटी; पावसाळ्यात भाताची खाचरे, उतारावर नागली आणि वरी; पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा. शहरात शिणलेल्या जीवाला आणखी काय हवे?

परंतु एका गोष्टीचा विचार जमीन पाहायला जाणारे सहसा करीत नाहीत. या प्रदेशाशी आपले नाते सातबारावर नाव चढते त्या दिवशी जडत नाही. ते आपल्या जन्माबरोबरच जडलेले असते. तानसा तलावाचे पाणी १८९२पासून मुंबईला येत आहे. १९५७ साली मोडकसागर झाला, पुढे भातसा. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यापैकी सुमारे निम्मे एकट्या भातसाचे. मुरबाडच्या बाजूचे बारवी धरण कारखान्यांची आणि कल्याण-डोंबिवलीकडच्या वस्त्यांची तहान भागवते. आपल्या बाप्तिस्म्याच्या वेळी कपाळावर पडलेले पाणीसुद्धा बहुधा याच डोंगरांतून आलेले!

आणि याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात गावोगावी, पाड्यापाड्यांवर टँकर फिरतात. धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावरच्या वस्तीतील बायका डोक्यावर हंडे घेऊन मैलभर चालतात. पाऊस येथे भरपूर पडतो. पण खाली काळा पत्थर. पाणी त्यात मुरत नाही, ओढ्यानाल्यांनी धावत खाली जाते. जे थोडे राहते ते खडकाच्या भेगांत. पाड्याची उथळ विहीर त्याच भेगांवर जगते आणि आपण खोल मारलेली कूपनलिकाही पुष्कळदा त्याच भेगांतून पाणी ओढते. म्हणूनच सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर १९९३च्या भूजल कायद्याने निर्बंध घातला. कायदा कागदावर असतो. मोटारीचे बटण मात्र आपल्या हाताशी असते.

माझ्या परिचयाचे एक जोडपे मुरबाडच्या बाजूला राहायला गेले. आठ फुटी भिंत, वर काचा, फाटकाशी कुत्रा. पहिल्या वर्षी त्यांनी मला किती पक्षी दिसले ते मोजून सांगितले. दुसऱ्या वर्षी म्हणाले, “फादर, संध्याकाळ खायला उठते.” तिसऱ्या वर्षी ते शहरात परतले. शांतता त्यांना हवी होती आणि ती त्यांना पुरेपूर मिळाली. तिचेच ओझे झाले.

दुसरे एक गृहस्थ शहापूर तालुक्यात स्थायिक झाले. त्यांनी तीनशे फूट खोल कूपनलिका घेतली, कलमे लावली. मे महिन्यात शेजारच्या कातकरी पाड्यावरची एक वृद्धा फाटकाशी आली आणि म्हणाली, “बाबा, तुमची मोटार लागली का आमची हीर तळ दाखवते.” त्यांनी कागदपत्रे दाखवली. तिला वाचता येत नव्हते. ती निमूटपणे निघून गेली.

जूनच्या पहिल्या पावसात, मध्यरात्री, त्यांच्या पत्नीला अर्धांगाचा झटका आला. १०८ची रुग्णवाहिका निघाली खरी, पण चिखलामुळे ती फाट्यापर्यंतच येऊ शकणार होती. मुले परदेशात. गृहस्थ पावसात उभे राहून हाका मारू लागले. आले ते पाड्यावरचे लोक. चौघांनी बाज उचलली, एकाने कंदील धरला आणि ती वृद्धा बाईंच्या डोक्यावर इरले धरून फाट्यापर्यंत चालत आली. वाटेत विहिरीविषयी कुणी अवाक्षर काढले नाही.

बाई बचावल्या. एक हात अजून अधू आहे. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा भिंतीला बाहेरच्या बाजूने नळ बसवलेला होता आणि मोटार आता दिवसातून केवळ तासभर चालत होती. निम्मी कलमे वाळली होती. मी त्याबद्दल विचारले, तर गृहस्थ एवढेच म्हणाले, “फादर, नळ म्हणजे उपकार नव्हे. ज्यांचे होते त्यांना दिले.”

हे वाक्य मी तेव्हापासून अनेकांना सांगतो. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीवाचून घेता येत नाही, तसेच जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घेण्यासही १९४८च्या कूळकायद्याची आडकाठी आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि दलालांची वर्दळ वाढली. ‘सगळे करून देतो’ म्हणणारा भेटला की आधी विचारावे : ही जमीन कोणाची होती, आणि ते आता कोठे आहेत?

मी स्वतः पन्नाशी ओलांडली आहे. माझ्याही मनात अधूनमधून माहुलीच्या पायथ्याची एक खोली डोकावते. म्हणून हे सांगणे दुसऱ्यांइतकेच मलाही आहे. निवृत्ती नोकरीतून होते, शेजारातून नव्हे. उतारवयात माणसाला झाडांची सावली लागते, आणि रात्री हाक मारली तर ओ देणारे कुणी लागते. सावली विकत मिळते. दुसरे मात्र मिळते ते फाटक उघडे ठेवणाऱ्याला. आणि क्वचित, केवळ त्या लोकांच्या मोठेपणामुळे, फाटक लावून बसलेल्यालाही.

वाचकहो, त्या बाजूला जागा पाहायला जाल तेव्हा पाणी किती फुटांवर लागते हे जरूर विचारा. पण त्याआधी पाड्यावरच्या विहिरीत डोकावून पाहा. तेही मे महिन्यात.