शूटला काय घालायचं?

ग्लॅमर शूट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॅलेंडर येतं. कपडे कमी, संपला विषय! प्रत्यक्षात त्या कपड्यांवर जेवढा खल होतो तेवढा आम्ही रिलीजच्या आदल्या रात्रीही करत नाही :-)

माझी मामेबहीण नाशिकहून मुंबईला पोर्टफोलिओ करायला आली. घरात कॅमेऱ्याचं वेड मला, त्यामुळे खरेदीची हमालीही माझ्याकडेच. आझाद मैदानाजवळच्या फॅशन स्ट्रीटवर तिनं उचललेला पहिलाच शर्ट मी परत ठेवायला लावला. बारीक रेघा! सेन्सरवरची पिक्सेलची जाळी आणि कापडावरची बारीक नक्षी एकमेकींशी भिडली की फोटोत नसलेल्या लाटा उमटतात. मोआरे म्हणतात त्याला. आपलं अलायझिंगच की. बऱ्याच कॅमेऱ्यांत ते थोपवायला सेन्सरपुढे फिल्टर असतो. निकॉनने २०१२ मध्ये डी८००ई काढला तेव्हा जास्त शार्पनेससाठी त्या फिल्टरचा परिणामच घालवून टाकला होता. म्हणजे बघा, रेघांचा धोका पत्करून!

पांढराशुभ्र नको, चेहऱ्याला एक्स्पोजर धरलं की कापडातली वीण उडून जाते. ऑफ-व्हाइट घ्या. भडक पोपटी तर मुळीच नको, त्याचा उजेड हनुवटीखाली चढतो आणि माणूस काविळीतून उठल्यासारखा दिसतो. काळा चालतो, पण काळ्या पडद्यापुढे मागून लाईट दिला नाही तर नुसतं मुंडकं तरंगतं.

आणि ड्रेस मापाचा हवा असं कुठाय? मागून क्लिपा लावून आवळायचा. कॅमेऱ्याला पाठ दिसत नाही. मात्र स्टुडिओत येताना ढगळ कपडे घालून यायचं, कारण घट्ट इलॅस्टिकचे वळ अंगावरून लवकर जात नाहीत.

इथवर सोपं होतं. मग फोटोग्राफरचा मेसेज आला, "स्विमवेअर पण आण, त्याशिवाय काम मिळत नाही." ती गप्प झाली. पैसे तिचे, दीड वर्षाच्या नोकरीतून साठवलेले. मला स्विमवेअरचं वावडं नाही, ज्यांना करायचंय त्यांनी खुशाल करावं. पण हा निर्णय घरी, चहा पिताना व्हायला हवा. लाईट लागलेत, मेकअपवाली ताटकळतेय, तासाचं भाडं चालू आहे.. अशा वेळी "नको" म्हणणं फार जड जातं.

"दादा, मला नाही करायचं. त्याला काय लिहू?"

"हेच लिही."

तिनं लिहिलं. सोबत आणणाऱ्या सहा कपड्यांचे फोटोही पाठवले, म्हणजे तिथे नवीन काही निघायला नको. तासाभराने त्याचा ओके आला.

गौतम राजाध्यक्षांनी (१९५०-२०११) काढलेले नट्यांचे फोटो आठवून बघा. त्यांतले कपडे सांगता येतील? मला तरी चेहरेच आठवतात. असो.

शूट झालं. एजन्सीला आधी साधे फोटोच हवे असतात, मेकअप नाही, अंगासरशी टी-शर्ट आणि जीन्स. सहा कपड्यांत नेमका तोच टी-शर्ट नव्हता! शेवटी माझा राखाडी टी-शर्ट मागून चार क्लिपा लावून घातला. पहिला कॉल त्याच फोटोवर आला. टी-शर्ट अजून नाशिकलाच आहे.